दीर्घ सारणीची अक्षरजुळणी : वर्धा जिल्ह्याच्या ग्रामसूचीच्या आधारे ‘लाँगटेबल’ची चिकित्सा

प्रस्तावना

सामाजिक शास्त्रांच्या संशोधनात सारणी हा पुराव्याचाच एक भाग मानला जातो. सारणी एका पानात मावत असेल तर फारसा प्रश्न उद्भवत नाही. ती अनेक पानांवर पसरली की मात्र पान कोठे तुटते यावर आकड्याचा अर्थ अवलंबून राहू लागतो. वर्धा जिल्ह्याची जनगणना पुस्तिका हे याचे बोलके उदाहरण होय. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १३,००,७७४ असून, आठ तहसिलींतील हजाराहून अधिक गावांची माहिती पुस्तिकेत ओळीओळीने दिलेली आहे. अशी सारणी मराठीत नव्याने जुळवावयाची झाल्यास लाटेक प्रणालीतील ‘लाँगटेबल’ हे साधन कितपत पुरे पडते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

रचना व गुण

डोनाल्ड नुथ यांनी १९७८ मध्ये टेक ही अक्षरजुळणी प्रणाली सिद्ध केली आणि पुढील दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर लाटेकची उभारणी केली. लाटेकची साधी सारणी हा एकसंध ठोकळा असल्याने ती पानाहून लांब झाल्यास खाली पानाबाहेर जाते. डेव्हिड कार्लाइल यांनी रचलेले लाँगटेबल हा ठोकळा मोडते. पहिल्या पानाचा मथळा, पुढील पानांचा मथळा, प्रत्येक पानाची तळपट्टी आणि अखेरची तळपट्टी असे चार भाग त्यात स्वतंत्रपणे सांगता येतात. पान तुटते ते दोन ओळींच्या मध्येच. एका गावाची ओळ दुभंगत नाही. रकान्यांच्या रुंदीची नोंद साहाय्यक फाइलमध्ये ठेवली जाते व धारिका पुन्हा चालविल्यावर सर्व पानांवरील रकाने एका रेषेत येतात. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांनी आणलेल्या झीटेकमुळे युनिकोड देवनागरीही थेट जुळविता येते.

या गुणांचे महत्त्व ग्रामसूचीत विशेष जाणवते. २०११ च्या सूचीत सुविधा गावात असल्यास तिची संख्या आणि नसल्यास अंतराचे सांकेतिक अक्षर एकाच रकान्यात येते : पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा व दहाहून अधिक यांसाठी अनुक्रमे ए, बी, सी. हा खुलासा केवळ पहिल्या पानावर राहिला, तर चाळिसाव्या पानावरील ‘सी’ वाचकास निरर्थक ठरतो. तळपट्टीत तो प्रत्येक पानावर आणता येतो.

मर्यादा

तथापि, लाँगटेबलचा मथळा सर्व पानांवर एकच राहतो. ‘तहसील : आर्वी’ अशी मधली ओळ दिल्यास ती पुढील पानावर आपोआप जात नाही आणि वाचकास गाव कोणत्या तहसिलीतील ते कळत नाही. ही अडचण वर्ध्यात क्षुल्लक नाही. सिंदी (मेघे) वर्धा शहरालगत आहे, तर सिंदी (रेल्वे) सेलू तहसिलीत. रकाना अरुंद ठेवून कंसातील शब्द गाळला आणि तहसिलीचे नावही मागील पानावर राहिले, तर दोन भिन्न ठिकाणे एकच भासतात. प्रबंधात वा विकास आराखड्यात एकाचा आकडा दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकतो.

दुसरी मर्यादा रुंदीची. लाँगटेबल उभ्या दिशेने तुटते, आडव्या दिशेने नाही. समोरासमोरच्या दोन पानांवर रकाने विभागून गावाचे नाव उजवीकडे पुन्हा देण्याचे काम संपादकालाच करावे लागते. तिसरी अशी की दोन स्तंभांच्या मांडणीत ते चालत नाही, आणि अनेक नियतकालिके नेमकी अशीच छापली जातात. अशा वेळी सारणी आक्रसून एका पानात कोंबली जाते. देवनागरीत वेलांट्या व मात्रा शिरोरेषेच्या वर जात असल्याने त्या वरच्या आडव्या रेघेस चिकटतात आणि आक्रसलेली सारणी अधिकच दुर्वाच्य होते.

पारंपरिक जमाखर्चाच्या वहीत पान संपताना बेरीज ‘पुढे नेली’ व नव्या पानावर ‘मागून आणली’ असे लिहिण्याचा प्रघात होता. प्रत्येक पान स्वतंत्रपणे तपासता यावे, हा त्यामागील हेतू. लाँगटेबल मथळा पुढे नेते. बेरीज किंवा तहसील नेत नाही.

निष्कर्ष

लाँगटेबल हे उपयुक्त परंतु अपुरे साधन आहे. त्याच्या उणिवा संपादनाने भरून काढता येतात : तहसिलीसाठी स्वतंत्र रकाना ठेवून प्रत्येक ओळीत तिचे नाव देणे, किंवा प्रत्येक तहसिलीची सारणी वेगळी करणे, गावाचे नाव कंसासह पूर्ण छापणे, ओळीची उंची वाढविणे, आणि दीर्घ सारणीपुरती एकस्तंभी पाने राखणे. सुटे झालेले कोणतेही पान हाती आले तरी त्यावरील आकडा कोणत्या गावाचा व कशाचा हे समजले पाहिजे. महाविद्यालयीन नियतकालिकांच्या संपादक मंडळांनी लेख स्वीकारताना ही कसोटी लावणे अगत्याचे आहे.