दहा किलोमीटरला गोष्ट नसते

धावण्यावरची जी काही पुस्तकं गेल्या दहाएक वर्षांत वाचली, ती वाचताना एक तक्रार मनात साचत गेली. या पुस्तकांमध्ये धावणारे पुष्कळ आहेत, पण ते एक तर मॅरेथॉन पळतात, नाहीतर विक्रमाच्या उंबरठ्यावर असतात. चाळिशी ओलांडलेला, नोकरी करणारा, दहा किलोमीटरच्या शर्यतीत स्वतःच्याच जुन्या वेळेतून अकरा सेकंद कमी करू पाहणारा माणूस त्यांत नाही. रविवारच्या कुठल्याही शर्यतीत मात्र तो डझनांनी भेटतो. त्यातला एक मी.

याचं एक कारण उघड आहे. मॅरेथॉन ही शर्यत होण्याआधी गोष्ट होती. विजयाची बातमी घेऊन अथेन्सला धावत आलेला आणि ती सांगून कोसळलेला निरोप्या सगळ्यांना ठाऊक असतो. हेरोडोटस मात्र त्याला मदत मागायला स्पार्टाला पाठवतो, या कोसळण्याचा त्याच्याकडे पत्ताच नाही. तरी १८९६च्या ऑलिम्पिकसाठी मिशेल ब्रेआल या भाषाशास्त्रज्ञाने या आख्यायिकेवरूनच शर्यत सुचवली. दहा किलोमीटरच्या मागे असं कुणी मेलेलं नाही. तो मोजपट्टीवरचा एक गोल आकडा आहे. म्हणून तर ‘मॅरेथॉन पळालास?’ या प्रश्नाला ‘नाही, टेन-के’ असं उत्तर दिलं, की समोरचा ‘अच्छा’ म्हणतो आणि विषय बदलतो.

हारुकी मुराकामीचं ‘व्हॉट आय टॉक अबाउट व्हेन आय टॉक अबाउट रनिंग’ (मूळ जपानी २००७) हे आमच्या लोकांचं जवळजवळ पारायणाचं पुस्तक. त्यातला मला आवडणारा भाग तत्त्वज्ञानाचा नाही, हिशेबाचा आहे. चाळिशीच्या उत्तरार्धात आपला वेग शिखरावर होता, त्यानंतर तितकीच मेहनत करूनही वेळ वाढत गेली, हे तो सरळ लिहितो. २००५च्या न्यूयॉर्क मॅरेथॉनची महिनोन्‌महिने तयारी करूनही शेवटी पायात गोळे येतात आणि हवी ती वेळ लागत नाही. त्याचं वाईट वाटणं तो लपवत नाही. पण मुराकामी फार लवकर शांत होतो, असं मला दर वाचनात वाटतं. १९९६मध्ये सारोमा सरोवराकाठी तो शंभर किलोमीटर पळाला, त्या प्रकरणात ‘मी’ हळूहळू विरघळत जातो. सुंदर लिहिलंय. पण हे विरघळणं अंतराने दिलेलं आहे. दहा किलोमीटरमध्ये काहीही विरघळत नाही. सातव्या किलोमीटरला फुप्फुसं जळत असतात आणि डोकं हिशेब करत असतं: पन्नास मिनिटं म्हणजे किलोमीटरला पाच. माझी सर्वोत्तम वेळ ५०:११ आहे. म्हणजे दर किलोमीटरमागे एक सेकंद आणि वर थोडं. एवढ्याशा फटीसाठी मी दोन हिवाळे घातले आहेत. या फटीत अध्यात्म बसत नाही. साहित्य बसायला हरकत नसावी.

या हिशेबाच्या सर्वांत जवळ गेलेली कादंबरी म्हणजे जॉन एल. पार्करची ‘वन्स अ रनर’ (१९७८). त्याने ती स्वतः छापली आणि शर्यतींच्या ठिकाणी गाडीच्या डिकीतून विकली. तिचा नायक क्विंटन कॅसिडी मैलाचा धावपटू. एका प्रकरणात तो पाव मैलाच्या साठ फेऱ्या मारतो. त्या वर्णनात सरावाचा कंटाळा, क्रौर्य आणि वेडेपणा इतका नेमका उतरला आहे, की बाकीच्या कादंबरीचा भाबडेपणा माफ करावासा वाटतो. एक गोष्ट मात्र माफ होत नाही. सामान्य धावणाऱ्यांकडे ही कादंबरी फार वरून पाहते. कष्टाला प्रतिष्ठा आहे, पण ती चार मिनिटांत मैल मारू शकणाऱ्याच्या कष्टाला.

ॲलन सिलिटोच्या ‘द लोनलीनेस ऑफ द लाँग डिस्टन्स रनर’ (१९५९) या कथेतला स्मिथ सुधारगृहातला पोरगा. गव्हर्नरला ट्रॉफी हवी असते, म्हणून जिंकत असताना तो शेवटच्या रेषेआधी मुद्दाम थांबतो. हा थांबा गाजला, आणि योग्यच गाजला. पण तो शक्य होतो, कारण रेषेपलीकडे कुणीतरी वाट पाहत उभं आहे. हौशी माणूस आठव्या किलोमीटरला चालू लागला तर कुणाचंही नाक कापलं जात नाही. घरी चहा टाकलेला असतो, सोमवारी ऑफिस असतं. स्मिथचा एकटेपणा बंडाचा आहे. याचा एकटेपणा कुणालाच फरक न पडण्याचा आहे, आणि मला तो जास्त अवघड वाटतो. त्याने थांबू नये, याला स्वतःखेरीज साक्षीदार नाही.

या आकड्याचं करायचं काय, हा प्रश्न साहित्याबाहेरही सुटलेला नाही. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २ ऑक्टोबर २००४ला तेरा जणांनी पाच किलोमीटर धावून जे सुरू केलं, त्याचंच पुढे ‘पार्करन’ झालं. सुरुवातीचं नाव होतं बुशी पार्क टाइम ट्रायल, म्हणजे घड्याळ नावातच होतं. २०२४मध्ये त्यांनी मार्गांवरच्या वेगाच्या विक्रमांच्या याद्या संकेतस्थळावरून काढल्या. नवख्यांना धास्ती वाटू नये, हा हेतू. बराच गदारोळ झाला. पण ज्याची त्याची स्वतःची सर्वोत्तम वेळ त्यांनी राहू दिली. विक्रमांच्या याद्या गेल्या याचं मला फार वाईट वाटलं नाही. हा दुसरा आकडा गेला असता, तर मी भांडायला उभा राहिलो असतो.

प्रमाणित रस्ता मोजताना सायकलवर मोजणी-यंत्र लावतात, वळणावर कडेपासून तीस सेंटिमीटर अंतर धरतात आणि मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून हजारात एक भाग जास्त ठेवतात. दहा किलोमीटरला दहा मीटर. माझ्या वेगाने ते तीन सेकंद होतात. पन्नासाव्या मिनिटाला रेषेच्या अलीकडे त्या दहा मीटरमध्ये असलेला माणूस अजून कुणी लिहिलेला नाही.