‘माझा प्रवास’ : बेत मोडल्यानंतरचे पुस्तक

विष्णुभट गोडसे वरसईकर यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक बहुधा सत्तावनच्या बंडाचे साधन म्हणूनच वाचले जाते. झाशीच्या वेढ्याची पाने चाळावीत, राणीविषयीचे उल्लेख टिपावेत आणि पुस्तक मिटावे, असा प्रघात पडला आहे. इतिहाससंशोधकांना तो सोयीचा असेल. पण ज्यांचे बिऱ्हाड एका हुकुमासरशी उत्तरेत कोठेही हलते, अशा आपल्यासारख्यांनी ते निराळ्या दृष्टीने वाचावयास हवे.

पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली काकांसह घराबाहेर पडला, तो कर्जाच्या विवंचनेने. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, एवढाच त्याचा हिशेब. वाटेत महूच्या बाजूस शिपायांकडून बंडाची कुणकुण लागते, तरी ही मंडळी पुढेच जातात. मग मिळालेले द्रव्य लुटले जाते, पुन्हा मिळते, पुन्हा जाते.

हे लिहिले गेले सुमारे पंचवीस वर्षांनंतर. बंडाचा शेवट काय झाला हे तेव्हा जगजाहीर होते. तरीही गोडसे स्वतःच्या पदरी मागाहून शहाणपण बांधीत नाहीत, यातच त्यांचे लेखकपण आहे असे मला वाटते. झाशी पडते तेव्हा घरात लपलेल्या भटाला उद्याचे काही ठाऊक नाही, आणि लिहिणारा म्हातारा त्याला ते सांगत नाही. बाहेर कत्तल चालली असता पोटाची चिंता त्याच ओघात येते. काळपीच्या वाटेवर विहिरीपाशी तहानलेली राणी भेटते. त्याला पाणी काढू न देता ती स्वतः काढून पिते. केवढी ही उलथापालथ! गोडसे ती नोंदवून पुढे चालू लागतात. आजचा एखादा लेखक येथे दोन पाने चिंतन करता.

मात्र या दृष्टीला मर्यादा आहेत. राज्ये बुडताना पाहूनही गोडशांचे सोवळे, त्यांची वर्णकल्पना जवळजवळ जशीच्या तशी राहते. दैवाची अनिश्चितता त्यांनी पत्करली. समाजाची व्यवस्था बदलू शकते, हे मात्र त्यांच्या मनात शिरले नाही.

शेवटी कर्जासाठी गेलेला हा मुलगा गंगेची कावड खांद्यावरून घरी आणतो आणि आईबापांना त्या जलाने स्नान घालतो. द्रव्याचा बेत फसल्याबद्दलची कुरकुर त्याच्या सुरात उरलेली नाही. हा सूर लेखकाचा स्वतःचा आहे, म्हणून आवृत्तीचा प्रश्न क्षुल्लक नव्हे. लेखकाच्या निधनानंतर, १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला तो भाषेवर संस्कार करून आणि काही भाग गाळून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. आपल्या मंडळांच्या वाचनालयांत पुस्तक असेलच. घरी नेण्यापूर्वी कोणती आवृत्ती हाती आली आहे, एवढे पाहून घ्यावे.