चारबागचा पूल आणि मेलेल्यांची मोजदाद

लखनौस बदलून आलेला मराठी माणूस बहुधा चारबाग स्थानकावरच उतरतो. तेथून जवळच एक कालवा आहे. २५ सप्टेंबर १८५७ रोजी त्याच्यावरील पूल जिंकून हॅवलॉक व औट्रम यांची फौज रेसिडेन्सीकडे शिरली. तीत मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून ५३५ झाले. पाचशे नव्हे, साडेपाचशे नव्हे, ५३५; त्यांत अधिकारी ३१. हजेरीपट हाताशी असला म्हणजे आकडा असा नेमका उतरतो. पुलापलीकडून लढलेल्यांचा हजेरीपट इंग्रजांपाशी नव्हता. म्हणून त्यांच्या मृतांचे आकडे हटकून शून्यावर संपतात. ज्यांचा जन्म सरकारी तक्त्यांत चालला आहे, त्या आपल्यासारख्यांना तरी अशा शून्यांचा अर्थ फोड करून सांगावयास नको.

मात्र सरसकट अविश्वासही बरा नव्हे. १६ नोव्हेंबरला सिकंदरबागेत झालेल्या कत्तलीविषयी कॉलिन कॅम्पबेल याच्या खलित्यात दोन हजारांहून अधिक प्रेते बाहेर काढल्याचे नमूद आहे. बाग चहूबाजूंनी बंदिस्त, पळावयास वाट नाही. येथे मोजणे शक्य होते. ते एकेक करून मोजले की अजमासाने, हे मात्र खलिता सांगत नाही. पुढे १८५८ मध्ये फेलिचे बेआतो याने त्या जागेचे प्रसिद्ध छायाचित्र घेतले. झाकलेले अवशेष छायाचित्रासाठी पुन्हा उघडे करविले गेले, अशी साक्ष सर जॉर्ज कॅम्पबेल या मुलकी अधिकाऱ्याने आपल्या आठवणींत दिली आहे. चित्रात हाडे विखुरलेली दिसतात, ती काही दोन हजारांची नव्हेत. ती संख्या मथळ्यात आहे, आणि पाहणारा ती मुकाट्याने चित्रात भरून घेतो.

माझी खरी तक्रार आपल्या लेखकांविषयी आहे. सत्तावनावरील आपले बरेचसे लेखन के, मॅलेसन यांच्या ग्रंथांवर पोसले आहे. जेत्याने पराक्रमाच्या खात्यावर मांडलेली संख्या आपण उचलली आणि बलिदानाच्या खात्यावर चढविली. खाते बदलले, आकडा तोच राहिला. तो कोणी, कोठे उभे राहून मोजला, हे विचारण्याची तसदी फारच थोड्यांनी घेतली.

आणि आपल्या घरी तर एक वेगळा साक्षीदार होता! वरसईचे विष्णुभट गोडसे एप्रिल १८५८ मध्ये, ह्यू रोजने झाशी घेतली तेव्हा, त्याच शहरात अडकले होते. झाशीत व तिच्या आसपास सुमारे पाच हजार माणसे मारली गेल्याचे इंग्रजी लेखनात येते. त्यांपैकी शिपाई किती आणि दाराआड लपलेले गृहस्थ किती, ही फोड त्या आकड्यातून निघत नाही. भटजींच्या ‘माझा प्रवास’मधील ‘बिजन’ मात्र लपून बसलेल्या माणसाने पाहिलेले आहे. तेथे मरणारा ‘शत्रू’ नसतो, शेजारी असतो. त्यांनी हे सारे सुमारे पंचवीस वर्षांनंतर आठवणीने लिहिले, हेही ध्यानात ठेवलेच पाहिजे. शिवाय १९०७ ची चिंतामणराव वैद्यांची आवृत्ती संपादकाच्या हाताने बरीच बदललेली आहे. साक्ष तपासावयाची असेल त्याने मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढलेली आवृत्तीच उघडावी.