चौघांचा संघ आणि मलंगगडाची साक्ष

इ. स. १७७९ च्या अखेरीपासून १७८० च्या प्रारंभापर्यंत पुणें दरबार, हैदरअल्ली, निजामअल्ली व नागपूरकर भोसले या चौघांनीं इंग्रजांविरुद्ध जो संघ जमविला, त्याविषयीं आपल्याकडे एक ठराविक निकाल रूढ आहे. योजना नाना फडणविसांची व थोर; परंतु निजाम फितला, भोसले द्रव्यास वश झाले, आणि या दोघांच्या विश्वासघातामुळें ती फसली, असा तो निकाल. प्रस्तुत लेखकानें शिक्षकाच्या पेशांत तो वर्षानुवर्षें मुलांस सांगितला. आतां तो फिरून तपासतां असें दिसतें कीं, संघ फसला हें अर्धेंच खरें; आणि दोष दोघांचाच, हें तर मुळींच खरें नाहीं.

प्रथम या मैत्रीचें स्वरूप पाहूं. कौटिल्यानें मित्राचे तीन प्रकार सांगितले आहेत. शेजारच्या राज्यापलीकडील तो प्रकृतिमित्र, मातापित्यांच्या संबंधानें जोडलेला तो सहज, आणि धनासाठीं किंवा जीवितासाठीं ज्याचा आश्रय केला तो कृत्रिम. लगतचा शेजारी या शास्त्रांत स्वभावतःच शत्रु ठरतो. पुण्याचे हैदर व निजाम हे दोघेही लगतचे शेजारी. निजामाशीं १७६३ मध्यें राक्षसभुवनास लढाई झालेली. हैदरावर थोरल्या माधवरावांनीं वारंवार स्वाऱ्या केलेल्या. कृष्णेच्या दक्षिणेकडील मुलुखाविषयीं पुण्यानें हात आवरता घेतला, तेव्हां हैदर संघांत आला. म्हणजे ही मैत्री तिसऱ्या प्रकारची. तींत अखंड निष्ठेची अपेक्षा धरणें हाच पहिला प्रमाद होय. कृत्रिम मित्राविषयीं विचारावयाचा प्रश्न एवढाच कीं, ज्या कामासाठीं मैत्री केली तें काम झालें कीं नाहीं?

याच्या उत्तरासाठीं आमच्या कल्याण प्रांतासारखें दुसरें स्थळ नाहीं. येथें इंग्रज आले तेही एका कृत्रिम मैत्रीच्या वाटेनें. ६ मार्च १७७५ रोजीं सुरतेस रघुनाथरावांनीं मुंबईकरांशीं तह केला. अडीच हजार फौजेची मदत, तिच्या खर्चास दरमहा दीड लाख रुपये, आणि साष्टी व वसई इंग्रजांस, असा तो व्यवहार. केवळ तहनामा वाचणारास वाटेल कीं, साष्टी या तहानें गेली. परंतु ठाण्याचा किल्ला इंग्रजांनीं १७७४ च्या डिसेंबरअखेरच, म्हणजे तहापूर्वीं दोन महिने, घेतला होता. तहनामा हा हेतूचा पुरावा आहे. घटनेचा पुरावा इतरत्र शोधावा लागतो.

मे १७८० मध्यें कल्याण इंग्रजांच्या हातीं होतें. तें परत घेण्यास आलेल्या मराठी फौजेस हार्टलेनें मागें रेटलें. पुढें त्या पावसाळ्यांत इंग्रजांनीं मलंगगडास वेढा घातला. अंबरनाथच्या दक्षिणेकडे जो उभा सुळका आपण रोज पाहतों, तोच हा गड. खालची माची त्यांनीं घेतली; वरचा गड मात्र त्यांस मिळाला नाहीं. पुण्याहून फौज घाट उतरून आली, आणि वेढा घालणारे स्वतःच अडचणींत सांपडले. त्यांच्या सुटकेस पुन्हा हार्टलेसच यावें लागलें. तथापि ११ डिसेंबरास वसई पडली, व त्याच सुमारास दुगाडच्या लढाईंत रामचंद्र गणेश कामास आले.

या सर्व हकीकतींत हैदराचा एकही स्वार कोंकणांत दिसत नाहीं. मग मित्राची मदत ती कोठें? ती कर्नाटकांत होती. जुलै १७८० मध्यें हैदर कर्नाटकांत उतरला, आणि १० सप्टेंबरास पोलिलूर येथें त्यानें बेलीची फौज बुडविली. त्यामुळें कलकत्तेकरांस सर आयर कूट यास फौज व द्रव्य देऊन समुद्रमार्गें मद्रासेस धाडावें लागलें. जें मद्रासेस गेलें तें मुंबईच्या वांट्यास आलें नाहीं. १७८१ च्या एप्रिलांत गॉडर्ड बोरघाटाखालून पनवेलीकडे मागें फिरला. हें श्रेय हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या पाठलागाचें खरेंच; परंतु त्याच्या पाठीशीं नवी फौज उभी नव्हती, यांत हैदराचा वांटा आहे. संघ फसला म्हणणारांनीं हा वांटा हिशेबांत धरलेला दिसत नाहीं.

आतां दोषाचा विचार. इंग्रजांनीं गुंतूर परत देऊन निजामास शांत केलें, हें खरें. भोसल्यांनीं पैसा घेतला, आणि १७८१ मध्यें पिअर्सच्या पलटणी ओरिसांतून मद्रासेकडे चालल्या असतां त्यांची वाट अडविली नाहीं, हेंही खरें. परंतु १७ मे १७८२ चा सालबाईचा तह पाहावा. त्यांत साष्टी गेली, पण वसई व पुरंदरच्या तहानंतर इंग्रजांनीं घेतलेला मुलूख परत मिळाला. रघुनाथरावांस दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक होऊन त्यांचें प्रकरण मिटलें. आणि त्याच तहांत हैदरानें इंग्रजांचा व अर्काटच्या नबाबाचा जिंकलेला मुलूख सोडावा, अशी हमी पेशव्यांच्या वतीनें देण्यांत आली. जो मित्र अद्याप रणांत उभा होता, त्याच्या कमाईचा सौदा आपण आपल्या तहांत केला. नानांनीं मान्यतेस विलंब लाविला, यांत त्यांची अडचण व धोरण दोन्हीं दिसतात. परंतु ७ डिसेंबर १७८२ रोजीं हैदर मरण पावल्यावर त्याच महिन्यांत ती मान्यता दिली गेली.

गुंतूर घेणें हा विश्वासघात असेल, तर सालबाईस काय म्हणावें? आणि सालबाई हें राजकारण असेल, तर गुंतूरही राजकारणच. एकाच तराजूचीं दोन वजनें इतिहासकारानें ठेवूं नयेत. मुलांस मीं तीं ठेवूनच शिकविलें, याची खंत वाटते. कारण असा निकाल ऐकून वाढलेला विद्यार्थी दगा नेहमीं दुसऱ्याच्याच घरीं शोधतो.

संग्राहकांस एक विनंति. तहनाम्यांच्या नकला आपण जपतां, तें योग्यच. परंतु कल्याण प्रांतांतील जुन्या घरांच्या रुमालांत भात, गवत, होड्या व वेठीचे गडी यांच्या याद्या आढळल्या, तर त्याही टाकूं नयेत. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळच्या माळावर लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर तेथेंच सिंधी निर्वासितांची वसती होऊन १९४९ मध्यें तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. दोस्त राष्ट्रांचे करार कितीही वाचले तरी त्यांत हा माळ सांपडणार नाहीं. परंतु दूरच्या मैत्रीचा भार अखेर अशाच माळावर पडतो. १७८० मध्यें तो येथें कोणीं व किती वाहिला, हें त्या याद्याच सांगतील. आणि त्या प्रकाशांत आल्यावर वरील मत बदलावें लागलें, तर तें बदलण्यास प्रस्तुत लेखक सिद्ध आहे.