‘कन्व्हेन्शनल’: पारंपरिक की सांकेतिक?

आता ‘कन्व्हेन्शनल’ या विशेषणाकडे येऊ. मूळ लॅटिन, अर्थ, एकत्र येणं. चारचौघं एकत्र येऊन ठरवतात, तो संकेत. वीजप्रवाह धनाकडून ऋणाकडे जातो असं आपण आकृतीत दाखवतो; तारेतले इलेक्ट्रॉन मात्र उलटे जातात. ती दिशा नुसती ठरवलेली आहे.

मराठीत आपण सरसकट ‘पारंपरिक’ म्हणतो आणि फसतो. बातमीत रणगाडा ‘पारंपरिक शस्त्र’ होऊन दांडपट्ट्याच्या रांगेत बसतो. म्हणायचं एवढंच असतं, की ते अण्वस्त्र नव्हे. उलट ज्या उन्हात आजीनं पापड वाळवले, ते ऊन ‘अपारंपरिक ऊर्जा’!

समीक्षेत ही चूक महाग पडते. ‘कविता कन्व्हेन्शनल आहे’ म्हणजे शिळी आहे, असं आपण बोलून जातो. पण अभंगाच्या शेवटी नाममुद्रा येते, हाही संकेतच. नामदेवांनी तो पाळला, तुकोबांनीही पाळला. म्हणून दोघांचा आवाज एक झाला का? आम्ही म्हणतो, संकेत पाळणं हा दोष नव्हे. पाळूनही हाती काही न लागणं, हा दोष. परीक्षण लिहिताना हा फरक केला नाही, तर एखादा चांगला कवी आपण एका विशेषणात निकालात काढतो.