पिवळा रहाट

डबा हाती येण्याआधी तीन आठवडे मी त्याची पुस्तिका वाचत होतो. रात्रीची जेवणं झाली की चष्मा पुसून बसायचं आणि काल जिथं थांबलो तिथून पुढं. लेगो कंपनी आपल्या संचांच्या जोडणी-पुस्तिका इंटरनेटवर फुकट ठेवते. त्यामुळे एकही तुकडा घरात नसताना ३,९२९ तुकडे कसे कसे बसणार, हे मला अर्धंअधिक पाठ झालं होतं. जर्मनीतला भाचा सुट्टीला येताना कपडे कमी करून हा डबा आणणार, असं ठरलं होतं. परदेशी खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांचं ६० झालं आणि २०२३ मध्ये ७०. सोलापुरात बसून ही हौस करायची तर असा एखादा भाचा हवाच.

संच जुना, २०१६ चा. टेक्निक मालिकेतला क्रमांक ४२०५५, बकेट व्हील एक्स्कॅव्हेटर. पूर्ण झाल्यावर ७२ सेंटीमीटर लांब आणि ४१ सेंटीमीटर उंच, म्हणजे आमच्या जेवणाच्या टेबलावर ताट ठेवायला जागा उरत नाही. त्या वेळी टेक्निकमध्ये याहून जास्त तुकड्यांचा संच नव्हता. पण तुकडे मोजून यंत्राची गोडी कळत नाही. पोत्यातले दाणे मोजून भाकरीची चव कळेल काय?

गोडी कळण्यासाठी आधी मूळ यंत्र डोळ्यांपुढं आणलं पाहिजे. आपल्या ओळखीचं खोदणारं यंत्र म्हणजे जेसीबी. तो मोटेसारखा चालतो. मोट विहिरीत उतरते, भरते, वर येते, थारोळ्यात रिकामी होते आणि मोकळीच परत खाली जाते. निम्मा वेळ रिकाम्या येरझारीत जातो. बकेट व्हील मात्र रहाटगाडगं आहे. मोठ्या चाकाच्या कडेला बादल्या. चाक फिरतं तशी खालची बादली माती खरवडून भरते, वर गेली की पट्ट्यावर ओतते, तोवर मागची भरलेली असते. काम कुठंच तुटत नाही. १९७८ मध्ये क्रुप कंपनीनं जर्मनीतल्या लिग्नाइटच्या खाणींसाठी बांधलेला बॅगर २८८ हा या घराण्यातला सर्वांत गाजलेला. वजन १३,५०० टन, लांबी सुमारे २२० मीटर, सुमारे साडेएकवीस मीटर व्यासाच्या चाकावर १८ बादल्या, आणि दिवसाकाठी २,४०,००० टन माल उपसण्याची ताकद. २००१ मध्ये तो हाम्बाखच्या खाणीतून गार्ट्सवायलरला २२ किलोमीटर स्वतःच्या पायांनी चालत गेला. त्या चालीला तीन आठवडे लागले. मला पुस्तिका वाचायला लागले तेवढेच.

हे यंत्र महाराष्ट्रात दिसत नाही, आणि त्याचं कारण जमिनीत आहे. रहाटाला मऊ थर लागतो. चंद्रपूरकडच्या उघड्या कोळसाखाणींत वर वालुकाश्म. तिथं सुरुंग, शॉवेल, डंपर आणि ड्रॅगलाइन यांचं राज्य. भारतात बकेट व्हील पाहायचं तर तमिळनाडूत नेयवेलीला जावं. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या लिग्नाइट महामंडळानं ती यंत्रं जर्मनीहून आणली. पण नेयवेलीचा वरचा थर जर्मनीतल्या मातीपेक्षा कठीण निघाला. बादल्यांचे दात झिजू लागले, तेव्हा आधी सुरुंगानं थर सैल करायचा आणि मग चाक लावायचं, अशी रीत बसवावी लागली. परक्या मातीतलं यंत्र आपल्याकडं आलं की त्यात फेरफार करावाच लागतो. पुढं मी टेबलावर या मॉडेलमध्ये जे फेरफार केले त्यांना इतका मोठा आधार आहे, हे घरच्यांना सांगून पाहिलं. कुणी ऐकलं नाही.

आता मॉडेलकडं. याचं खरं सौंदर्य एका गोष्टीत आहे: एवढ्या डोलाऱ्याला मोटार एकच. पुढं-मागं चालणं, वरचा भाग गोल फिरवणं, बादल्यांचं चाक आणि पट्टे, सगळी कामं त्या एका मोटारीच्या जोरावर. लिव्हर सरकवली की गिअरपेटीत दाता दात्यातून सुटतो, दुसऱ्यात अडकतो, आणि तोच जोर दुसरीकडं वळतो. जुन्या कापड गिरण्यांत एकच इंजिन असे. त्याचा जोर छताखालच्या लांब लोखंडी दांड्यावर जाई आणि तिथून चामडी पट्ट्यांनी मागामागाला वाटला जाई. सोलापूरच्या जुन्या मिलच्या काळातली ही रीत. पुढं प्रत्येक मागाला आपली मोटार आली आणि तो दांडा गेला. मी मागवाल्यांच्या गल्लीत वाढलो. माग बिघडला की तो दुरुस्त करणारा जॉबर आधी पान्याला हात लावत नसे, कान लावत असे. गिअरपेटी जोडताना मीही तेच केलं. हातानं दांडा फिरवायचा आणि ऐकायचं. एक दातेरी चाक अर्ध्या खुंटीनं घट्ट बसलं तर सगळ्या घराचा आवाज बदलतो.

या संचाबरोबर वक्र दातेरी पट्टीचा एक नवा तुकडा आला. तशा चार जोडल्या की १४० दात्यांचं कडं तयार होतं. मोठी वर्तुळं इतक्या सरळ युक्तीनं साधलेली पाहिली की जोडणारा हात थबकतो. मी थबकलो. चहा गार झाला.

मग बादल्यांत काय भरायचं हा प्रश्न. सोलापूरकर म्हणून पहिला मान ज्वारीचा. पट्टा म्हणजे प्लास्टिकच्या कड्यांची साखळी, त्यामुळे दाणे फटींतून निसटले आणि थेट गिअरमध्ये जाऊन बसले. अख्खा मजला उकलावा लागला. हरभरे घेतले. ते गोल, चढत्या पट्ट्यावरून गडगडत खाली. शेवटी हरभऱ्याची डाळ चालली. एक बाजू सपाट असल्यामुळे ती पट्ट्यावर बसते, लोळत नाही. खाणीत माल कोणत्या उताराला ठरतो आणि कोणत्या उताराला घसरतो याचा हिशोब अभियंते करतात. मला तो स्वयंपाकघरातल्या डब्यांनी शिकवला.

डाळ घातली आणि मॉडेलचा दोष उघडा पडला. चाक भरतं नीट, पट्टा वाहतो नीट. पण जिथं एका पट्ट्यावरून माल दुसऱ्यावर पडतो, तिथं सांडतो. मोठ्या यंत्रांतही हीच जागा नाजूक असते, म्हणून तिथं बंदिस्त घसरगुंडी बसवतात. मीही बसवली. दोन्ही बाजूंना उभ्या पाट्या, खाली एक तिरपी. बारा-तेरा तुकड्यांचं काम. त्यानंतर सांडलं ते बोटांनी मोजण्याइतकं, आणि सोबतचा छोटा डंपर खरोखर भरू लागला. दुसरा फेरफार म्हणजे पट्ट्यांना वेगळी मोटार दिली, म्हणजे चाकावर भार आला तरी वाहणं मंदावत नाही.

इथं मी थांबलो, आणि थांबावं असं माझं मत आहे. हौशी लोक या मॉडेलमध्ये चार-चार मोटारी, रिमोट आणि दिवे बसवतात. वळण घेता यावं म्हणून दोन्हीकडच्या साखळ्यांना निराळी मोटार देतात. ते चालतं झकास, पण मग गिअरपेटी रिकाम्या घरासारखी होते. एका कर्त्याच्या कमाईवर सगळा संसार कसा निभावतो, हे पाहण्यातच या मॉडेलचा रस आहे. माझी दुसरी मोटारसुद्धा, खरं सांगायचं तर, थोडी लबाडीच.

राहता राहिला सर्वांत सोलापुरी भाग. याच तुकड्यांतून दुसरं यंत्रही होतं: खडी तयार करणारं फिरतं क्रशर. बहुतेकांना ते दुय्यम वाटतं, आणि बांधणारे थोडे. मला ते जास्त आपलं वाटलं. आपण दख्खनच्या बसाल्टवर बसलो आहोत. या काळ्या पाषाणात रहाटाचं चाक एक दिवसही टिकणार नाही. शहराबाहेर कुठल्याही रस्त्याला लागा, डबर घेऊन निघालेला हायवा आणि धुळीनं पांढरं पडलेलं क्रशर दिसतं. चाळणीखालून वीस एमएम एका ढिगात, कच दुसऱ्या ढिगात. लहानपणापासून पाहिलेलं ते दृश्य पिवळ्या प्लास्टिकमध्ये उभं राहिलं तेव्हा जर्मनीच्या राक्षसापेक्षा मी त्याच्याकडं जास्त वेळ पाहत बसलो.

मात्र दोन्ही एका वेळी उभी राहत नाहीत. एक मोडल्याशिवाय दुसरं होत नाही. रहाट मोडायला मला दोन संध्याकाळी लागल्या, आणि गिअरपेटी उकलली तेव्हा तिच्या तळातून ज्वारीचे अकरा दाणे निघाले.