निगेटिव्ह, प्रत आणि छायाचित्रकाराची दृष्टी

प्रत काढणाराने छायाचित्रकाराची दृष्टी जपावी, असे सर्रास म्हटले जाते. ही दृष्टी एक आणि स्थिर असते, हे त्यात गृहीत धरलेले असते. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांच्या ‘मूनराइज, हर्नान्डेझ, न्यू मेक्सिको’ या १९४१ मधील छायाचित्रापुढे हे गृहीत टिकत नाही.

या चित्राची निगेटिव्ह एकच. दुसरी घेण्यापूर्वीच दफनभूमीतील क्रुसांवरचे ऊन ओसरले. १९४८ साली अ‍ॅडम्स यांनी तिचा खालचा भाग रसायनाने अधिक दाट केला. आकाशाचा भाग मात्र तोच राहिला आणि प्रतींतील आकाश बदलत गेले. आरंभीच्या प्रतींत ते करडे असून वर विरळ ढगांचे पट्टे दिसतात. उत्तरकालीन प्रतींत, एन्लार्जरखाली त्या भागास अधिक वेळ प्रकाश देऊन, ते जवळजवळ काळेभोर केलेले आहे. हा फरक केवळ तांत्रिक नव्हे. पहिल्या प्रतींत संध्याकाळ आहे, घराघरांतून माणसे वावरत असावीत असे वाटते. नंतरच्या प्रतींत वेळच नाहीशी झाली आहे. गाव आणि थडगी एका अपार काळोखापुढे उभी आहेत. यांतील अ‍ॅडम्स यांची दृष्टी कोणती? अर्थातच दोन्ही.

अ‍ॅडम्स मूळचे पियानोचे विद्यार्थी. निगेटिव्हला स्वरलिपी आणि प्रतीला वादन मानण्याची त्यांची भूमिका प्रसिद्धच आहे. आपल्याकडील बंदिशीचा दाखला येथे सहज सुचेल, पण तो अपुरा आहे. बंदिश गायकाला पुष्कळ मोकळीक देते. निगेटिव्हवर जे उमटलेच नाही ते छपाईने आणता येत नाही.

एडवर्ड वेस्टन यांनी कंपवातामुळे १९४८ नंतर छायाचित्रे घेतली नाहीत. त्यांच्या देखरेखीखाली पुत्र ब्रेट यांनी प्रती काढल्या. १९५८ मधील निधनानंतर ते काम कोल यांनी चालविले. निगेटिव्ह कागदास भिडवून छापण्याच्या वेस्टन यांच्या पद्धतीत फेरफारास वाव थोडा, शिवाय वडिलांच्या हातच्या प्रती समोर होत्या. कोल यांच्या प्रती प्रामाणिक आहेत, पण त्या प्रामाणिकपणानेच वेस्टन यांची दृष्टी एका जागी थांबविली. वेस्टन आणखी वीस वर्षे छापीत राहिले असते, तर त्यांच्याही छाया गडद झाल्या नसत्या कशावरून?

कवीने स्वतःच पाठ बदलला असता संपादकापुढे जो पेच पडतो, तोच येथे आहे. पहिला पाठ घ्यावा की अखेरचा, याविषयी मतभेद होऊ शकतात. कोणता घेतला हे न सांगणे मात्र अक्षम्य होय. ‘मूनराइज’च्या बाबतीत तर हस्तलिखितावरच खाडाखोड झाली आहे: १९४८ पूर्वीची निगेटिव्ह आता अस्तित्वात नाही. तरीही या चित्राखाली पुष्कळदा ‘१९४१’ एवढेच छापलेले आढळते.